सतरा एकांचा भागाकार

वारूळवाडीच्या नवनाथला बायकोचा संशय आला तो गव्हाच्या पिंपात. गहू काढायला हात घातला, तर हाताला वह्या लागल्या. चांगल्या पाच! पानोपानी वर १ हा आकडा सतरा वेळा ओळीनं मांडलेला, खाली भागाकारांची दाटी आणि प्रत्येक भागाकाराच्या शेवटी एकच शब्द: नाही.

नवनाथचा बाप मटक्यापायी विहिरीसकट रान घालवून बसला होता. आकड्यांची वही कोण लपवतं आणि कशाला, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. 'नाही' म्हणजे लागला नाही! म्हणजे आता घरही जाणार! बायको तेजस्विनी कॉलेजात दोन वर्षं गणित शिकलेली. पण शिकलेलेच यात जास्त फसतात, असं त्यानं ठरवलं. तो स्वतः बारावी नापास असल्यामुळे ते त्याला लगेच पटलं.

शेवटच्या पानावर दोन संख्यांना लाल गोल होते. त्यातली एक दहा आकडी. म्हणजे बुकीचा फोन! त्यानं लावून पाहिला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं. बघा, बेट्यानं बंदसुद्धा केला! नवनाथनं पाचही वह्या आंघोळीच्या बंबात कोंबल्या आणि त्याच पाण्यानं आंघोळ उरकली.

दुपारी तेजस्विनी टोमॅटो निवडायच्या कामावरून आली.

"कुणाकडं लावतीस आकडं?" त्यानं दारातच विचारलं. "वह्या घावल्या मला. जाळल्या समद्या."

ती उंबऱ्यावरच बसली. मग म्हणाली, "अहो, भागाकार व्हते ते. सतरा एकांची संख्या कशानं भागली जाती ते हुडकत व्हते. चौतिसाच्या पटीत एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्याच तिला भागू शकत्यात. तीन वरीस एकेक तपासली. परवा घावली."

"मग लपवायच्या कशाला?"

"तुमी हसाल म्हणून."

त्याचा काडीचाही विश्वास बसला नाही. तिनं कॅलेंडरच्या पाठीवर दोन्ही संख्या लिहिल्या: २०७१७२३ आणि ५३६३२२२३५७. "गुणून बघा."

मोबाईलवर त्याचा भरवसा नव्हता. हिनं त्यातही काही करून ठेवलं असेल. तो तिच्याकडे पाठ करून पेन्सिलीनं गुणू लागला. दोनदा उत्तर भलतंच आलं, दोनदा तो मनात म्हणाला, सापडली चोरी! दोन्ही वेळा चूक त्याचीच निघाली. तिसऱ्यांदा बेरीज केली, तर एकाशेजारी एक, एकाशेजारी एक, असे सतराच्या सतरा एक उतरले. त्यानं ते बोट ठेवून दोनदा मोजले.

"खरं हाय की गं," तो ओशाळून म्हणाला. "पर उत्तर तर हाय ना तुज्याकडं? वह्या गेल्या तर गेल्या."

"उत्तर काय, मोबाईलबी देतोय," तेजस्विनी म्हणाली. "तीन वरीस म्या काय केलं, ते त्या वह्यांत व्हतं."

नवनाथनं बंबातली राख उपसून पाहिली. पुठ्ठेसुद्धा शिल्लक नव्हते.