ॲक्सिलरेटरखालचा ठोकळा

गाडी पिकअपच घेईना. चांदणी चौकाच्या चढावर रिक्षावालेसुद्धा हॉर्न मारून पुढे जायचे. हिंजवडीच्या नोकरीला जायला सासऱ्यांनी स्वतःची डिझेल गाडी दिली होती, मग तक्रार तरी कुणाकडे करणार! एअर फिल्टर बदलला, डिझेल फिल्टर बदलला, टर्बोचा पाइप तपासून झाला. शेवटी कर्वेनगरच्या मेकॅनिक तौफिकभाईंनी ॲक्सिलरेटरखाली हात घातला.

“मॅडम, इथे कुणीतरी रबराचा ठोकळा बसवलाय. पेडल निम्मंच दबतंय.”

ठोकळ्याच्या कडा कानशीने गुळगुळीत घासलेल्या होत्या. इतकं नीटस काम आमच्या घरात एकच माणूस करतो, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालेले माझे सासरे. तो ठोकळा काढून घेऊन मी तणतणत घरी आले.

“बाबा, हे काय आहे?”

त्यांनी पेपरसुद्धा खाली ठेवला नाही. “सगळे म्हणत होते, सुनेला गाडी देऊ नका. मी दिली. पण मग मला दुपारची झोप लागायला नको?”

या माणसाने माझ्यासाठी अख्खं घर अंगावर घेतलं होतं, आणि मला ते आज कळत होतं.

मी ठोकळा त्यांच्यापुढे धरला. “निम्मा कापून द्या. थोडी झोप तुम्हाला, थोडा पिकअप मला.”

बाबा चष्मा पुसत करवत शोधायला उठले.