हॉलमधली टाळी

आमचा हॉल नवा झाला आणि आत्याने त्यात बसणं सोडलं. ताट उचलून ती सरळ स्वयंपाकघरात जायची. शनिवारी तर तिने बॅगच भरली.

"तुझ्या काकाकडे जाते चार दिवस," ती मला म्हणाली.

"जा ताई. तुमच्या चार दिवसांचा महिना होतो," आई म्हणाली. मग माझ्या कानाशी, "हॉल आवडला नाही, म्हणून नाक मुरडतात."

आईने तो जीव ओतून सजवला होता. मला मात्र हे कोडंच वाटलं. शाळेत नुकताच गृहसजावटीचा धडा झाला होता, तेव्हा म्हटलं, बघूच. बसले आत्याच्या खुर्चीत.

धड्यातल्या पाच गोष्टी एकेक तपासल्या. रेषा सरळ, शहाण्या मुलीच्या भांगासारख्या. उजेड खिडकीतून तिरपा, डोळ्यांवर येत नव्हता. रंग फिकट राखाडी, त्यात एकच मोहरी रंगाची उशी. जागा ऐसपैस. सगळे पास. मग नापास कोण?

राहिला पोत. तो हाताने बघायचा असतो, असं बाई म्हणाल्या होत्या. मी हात फिरवत सुटले. फरशी, टेबलाची काच, कपाटाची दारं, सगळं गुळगुळीत. जुना गालिचा माळ्यावर गेलेला, पडदेही. तेवढ्यात माझा धक्का लागून टेबलावरचा चमचा पडला आणि खणखणतच राहिला. दारातल्या आत्याचा हात झटकन कानातल्या मशीनकडे गेला.

मी टाळी वाजवली. ती भिंतींना आपटून परत आली. आत्याच्या खोलीत जाऊन वाजवली, तर गादी आणि साड्यांच्या ढिगाने ती गिळूनच टाकली.

"आत्या, हॉलमध्ये तुला ऐकू काय येतं गं?"

"भांड्यांचं दुकान. तुम्ही सगळे एकदम बोलता, मला नुसता खणखणाट. सारखं 'काय, काय' तरी किती करायचं? पहिल्याच रात्री तुझ्या आईने काहीतरी मागितलं, मी हसून मान डोलावली."

"मीठ मागितलं होतं," आई मागून म्हणाली. "मला वाटलं, मुद्दाम दिलं नाहीत."

"अगं, मग सांगायचं ना."

"तुम्ही तरी सांगायचं ना."

आई स्टूल घेऊन माळ्याकडे निघाली. "गालिचा रंगाला जुळणार नाही," ती पुटपुटली.

"रंगाचं मी बघते," मी ऐटीत सांगितलं.

गालिचा अंथरला, पडदे लावले. टाळी निम्म्यावर आली. रात्री आत्या हॉलमध्ये जेवायला बसली.

"ताई, मीठ," आई साध्या आवाजात म्हणाली.

आत्याने बरणी सरकवली. "भाजी अळणी आहे, हे मी मघाशीच म्हणणार होते."

बॅग अजून दाराशी होती. मी ती पायाने हळूच सोफ्यामागे ढकलली.