खरखरीची पैज

पैज लागली बनुबाईच्या चहाच्या टपरीवर. हरेल त्यानं रविवारी सकाळी पोलादपूर स्टँडसमोर अंगावर झूल घेऊन नंदीबैल व्हायचं. जिंकणारा ढोलकं वाजवून जे विचारील त्याला मान डोलवायची. नाही म्हणायची सोय नाही. नंदीबैल कधी नाही म्हणतो का?

पैजेतले दोघे एकमेकांचे शेजारी, मधे एकच भिंत. एक मोरूशेठ, मंडपवाला, आळीच्या नाट्यमंडळाचा अध्यक्ष. दुसरा हैबती, पन्नाशीला टेकलेला, महाडच्या एमआयडीसीत शिफ्टची माणसं आपल्या मिनिडोर टेम्पोनं सोडणारा, आणि मिसरूड फुटल्यापासून मंडळाच्या पडद्याची दोरी ओढणारा. त्या दोरीवर त्याचा भारी जीव. आणि मोरूशेठनं तीच काढून घेतली होती, भर हॉलमध्ये.

झालं होतं असं. मुंबईकर गाववाल्यांनी कुठल्याशा जुन्या थिएटरातला वायरीचा इंटरकॉम मंडळाच्या हॉलला आणून दिला. हॉलच्या मागं लाइटच्या टेबलावर बसलेली पूनम हेडफोनमध्ये "पडदा" म्हणाली की इकडं विंगेत हैबतीच्या कानात पडायचं. पण ऐन प्रयोगात त्यात खर्रर्र सुरू व्हायची. कधी व्हायची, कधी नाही. तालमीला तर कधीच नाही. महाडहून माणूस आणला. त्यानं दिवसाउजेडी सगळं तपासलं, आवाज एकदम साफ. जाता जाता म्हणाला, "मशीन ठीक आहे. तुमची माणसं तपासा."

मग गणपतीतल्या प्रयोगाला त्या खरखरीपायी पडदा आधीच पडला. राजा मरायचा होता, तो जिताच राहिला. मोरूशेठ तरातरा विंगेत आला, हैबतीच्या हातातली दोरी हिसकावली आणि प्रेक्षकांना ऐकू जाईल असा ओरडला, "पडद्यामागं माकडं नकोत!"

आता हैबती काय साधू नव्हता. राजाच्या सिंहासनाच्या गादीखाली पोह्याचे पापड त्यानंच ठेवले होते, आणि राजा बसल्यावर झालेला आवाज आळी अजून विसरली नव्हती. पण ही खरखर त्याची नव्हती. जन्मात पहिल्यांदा तो निर्दोष होता आणि कोणी मानायला तयार नाही. बायकोसुद्धा रात्री हळूच म्हणाली, "मला तरी सांगा, कसं केलंत?"

हे मात्र त्याच्या काळजात रुतलं.

म्हणून टपरीवर तो मोरूशेठला भिडला. "मी नाय केलं."

"मग शनिवारी प्रेक्षकांत बस. बनुबाईच्या शेजारी, दोन्ही हात मांडीवर. दोरी मी ओढतो, हेडफोन माझ्या कानात. खरखर नाय आली तर चोर तू."

"आणि आली तर?"

"आली तर मी बैल!"

"तू बैल हायस ते आळीला ठावं हाय," बनुबाई म्हणाली, "पैज काय ती बोल." आणि तिनंच ती नंदीबैलाची कल्पना काढली.

टाळी देऊन झाल्यावर हैबतीला घाम फुटला. खरखर पडली लहरी. शनिवारीच गप्प बसली तर? लोक असला बिघाड घालवायला शोधतात. हैबतीला तो नक्की येईल याची खात्री करायला शोधायचा होता.

हॉलची किल्ली पूनमकडं. तिनं तक्रार केली तेव्हा मोरूशेठ म्हणाला होता, "पोरी, कानात मळ असंल." तिचाही राग धुमसतच होता. दुपारी तिनं कुलूप काढलं. दोघांनी हेडफोन बदलले, हेडफोनच्या, कमरेला अडकवायच्या डब्या बदलल्या, लाइटचे डिमर एकेक करून बंद केले, वायर हलवून पाहिली. आवाज साफ. शेवटी हैबती बॅटरी घेऊन स्टेजखाली पोटावर सरपटत गेला.

थोड्या वेळानं खालून आवाज आला, "पूनम गो, वायर गोड असते काय?"

"काय बरळताय, काका?"

"मुंग्यांची रांग लागलीय इथं!"

रांग जात होती स्टेजच्या पुढच्या कडेखाली, दोन वायरी जोडल्या होत्या त्या प्लगात. वर बघितलं तर फळ्यांमध्ये फट. आणि फटीच्या वर तो दगड, ज्यावर प्रत्येक प्रयोगाआधी अध्यक्ष स्वतःच्या हातानं नारळ फोडायचे. तालमीला नारळ नाही, तर खरखर नाही. पाणी फटीत गेलं तर खरखर, भलतीकडं उडालं तर नाही. महाडचा माणूस आला तोवर सगळं सुकलेलं.

हैबतीनं कोपऱ्यावरून एक नारळ आणला. चमचाभर पाणी फटीतून सोडलं.

खर्रर्र!

पूनम हेडफोन फेकून हसायलाच लागली. मग म्हणाली, "पुसून टेप मारते."

"शनिवारपर्यंत थांब गो."

"आणि पडदा चुकला तर?"

"माझ्या हातनं चुकला तर मी माकड झालो. त्याच्या हातनं चुकू दे की एकदा."

पूनमनं टेप खिशात घातली. "मळ म्हणतो काय," ती पुटपुटली.

मग हैबतीनं आळीत एकेक दार गाठलं, तोंड एवढंसं करून. "मोरूशेठनी माझ्याशी पैज लावलीय. त्यांच्यामागं देव उभा राहू दे. एकेक नारळ तरी द्या." लोकांना वाटलं, गडी सुधारला. शनिवारी संध्याकाळी स्टेजवर नारळांचा ढीग! मोरूशेठच्या कापडे गावच्या मेव्हण्यानं तर पोतंच आणलं.

"एवढं प्रेम!" मोरूशेठ गहिवरला आणि एकामागून एक नारळ आपटत सुटला. पाण्याचं थारोळं झालं.

"दात काय काढतोस मेल्या?" बनुबाईनं शेजारी बसलेल्या हैबतीला विचारलं.

"भक्ती बघून भरून आलं, बनुबाई."

प्रयोग सुरू झाला. विंगेतला मोरूशेठ पहिल्या रांगेतून दिसत होता. आधी कान खाजवला. मग डबीला चापट्या मारल्या. मग मोठ्यानं ओरडला, "काय? काय म्हणतेस?" स्टेजवरची राणी दचकून म्हणाली, "मी कुठं काय म्हणाले?" हॉल हसून फुटला. पूनम तिकडून "थांबा, थांबा" सांगत होती, याला फक्त खर्रर्र. त्यानं ओढला पडदा. चुकलं कळल्यावर उघडला. तोवर आत राजा मिशी चिकटवत होता. शिट्ट्यांवर शिट्ट्या.

"हैबतीऽऽ!" मोरूशेठ किंचाळला.

सगळा हॉल वळला. हैबतीचे दोन्ही हात मांडीवर, शाळेतल्या पोरासारखे, आणि त्यावर बनुबाईचा हात.

पूनमनं पुढं येऊन सगळ्यांदेखत स्टेजच्या कडेखालून प्लग ओढून काढला आणि उलटा धरला. नारळाचं पाणी टपटप गळलं.

"कोणी आणले एवढे नारळ?" मोरूशेठ गरजला.

"तुमच्याच माणसांनी," हैबती बसल्या जागेवरून म्हणाला. "फोडले कोणी?"

रविवारी सकाळी स्टँडसमोर ही गर्दी. शिफ्टची माणसं गाडीत चढायची थांबली होती. मोरूशेठच्या अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ. हैबतीनं ढोलकं घुमवलं.

"सांग रे नंद्या, हैबतीवर खोटा आळ घेतला?"

मान डोलली.

"पूनमच्या कानात मळ नव्हता ना?"

डोलली.

"माकड कोण, हैबती का अध्यक्ष? अध्यक्ष ना?"

लोक पोट धरून हसत होते. मोरूशेठच्या डोळ्यांत पाणी आलं. बनुबाई जवळ येऊन म्हणाली, "पुरे रे आता. रडकुंडीला आला तो."

"मीपण आलो होतो," हैबती म्हणाला, "भर हॉलात. तेव्हा पुरे म्हणाली नव्हतीस." ढोलकं पुन्हा घुमलं. "बोल नंद्या, पडद्याची दोरी हैबतीची?"

मोरूशेठनं मान डोलवली. घुंगरं वाजली.

महाडकडं निघालेल्या एसटीच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. कंडक्टर घंटी द्यायची विसरून दारात उभा.

"त्यांना दिसलं नाय," हैबती म्हणाला. "तिकडं तोंड कर आणि परत डोलव."

मोरूशेठ गाडीकडं वळला.