मिस्त्री काही बोलले नाहीत

मिस्त्रींच्या कारखान्यात एक रीत होती. काम बरोबर असलं की मिस्त्री बोलत नसत. कारागिराने केलेली खुर्ची पुढ्यात आणून ठेवायची, मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवायचा, चारी बाजूंनी बघायचं, मुठीने दोन ठोसे मारायचे आणि काही न बोलता पुढच्या कामाकडे वळायचं. झालं, कारागीर पास. आणि चूक निघाली तर? अहो, मग रस्त्याच्या टोकाला ऐकू जायचं! "ही खुर्ची आहे की थट्टा? बसणाऱ्याने तुझं काय घोडं मारलंय?" शाबासकी हा शब्द त्या माणसाच्या तोंडून चाळीस वर्षांत कुणी ऐकला नाही. घरातही तोच कायदा. बायको होती तोवर तिला आमटीत मीठ बरोबर पडलंय हे नवऱ्याच्या गप्प बसण्यावरूनच कळायचं.

अशा माणसाची वाचा गेली. एका सकाळी दात घासता घासता मिस्त्री खाली बसले ते उठलेच नाहीत. उजवं अंग लुळं पडलं, तोंडातून शब्द फुटेना. लिहून दाखवावं म्हटलं तर अक्षरंही सगळी पुसली गेलेली. मान आपली सारखी डावीउजवीकडे हलत राहायची, म्हणजे 'नाही' म्हणायचीसुद्धा सोय उरली नाही. राहिला फक्त डावा हात आणि घशातला एक 'अं अं'. डोकं मात्र लख्ख होतं. हेच तर वाईट झालं.

त्यांचा मुलगा एका ऑफिसात कामाला होता. मिस्त्रींनी त्याला लहानपणापासून 'साहेब' म्हणायचं ठरवलं होतं, आणि रंध्याला हात लावला की त्याच्या हातावर फटका मारत. "हे आमच्यापुरतं. तू खुर्चीवर बसायचंस, खुर्ची करायची नाहीस." साहेब गुणी पोरगा, त्याने ऐकलं. पण मनात कुठेतरी सल होताच. कारखान्यातल्या कुठल्याही पोराला बापाने शिकवलं, आपल्याला नाही.

तर डॉक्टर सहज म्हणाले, की यांच्यासमोर माशांची टाकी ठेवा, मन रमेल. साहेबाने ते मनावर घेतलं. लहानसहान नाही, चार फूट लांब, दोन फूट उंच अशी काचेची टाकी आणली. आणि जाहीर केलं, "स्टँड मी करणार. बाबांसमोर बसून करणार. त्यांच्या हत्यारांनी!"

सून म्हणाली, "अहो, विकत मिळतं की."

"विकत काय कुणीही आणेल," साहेब म्हणाला.

मिस्त्रींना किती आनंद झाला ते काय सांगावं! दोन रविवार त्यांची चाकाची खुर्ची खोलीच्या मधोमध होती आणि समोर मुलगा लाकूड कापत होता. करवत तिरकी धरत होता, पण हात थरथरत नव्हता. गुण्या लावून काटकोन बघत होता, पाणसळ ठेवून सपाटी बघत होता. पेन्सिल कानावर. मिस्त्रींना वाटलं, अरे, हात आहे याला! मी गाढव, मी कधी बघितलंच नाही. पाच वर्षांची नात, ठमाबाई, भुसा गोळा करून आजोबांच्या मांडीवर ढीग करत होती. आजोबांशी दिवसभर बोलणारी घरात तीच एक होती, कारण तिला उत्तराची गरज नसायची.

दुसऱ्या रविवारी दुपारी घोळ झाला. चार पायांतला एक पाय बोटभर आखूड कापला गेला. साहेबाने डोकं खाजवलं, मोबाईलवर काहीतरी बघितलं आणि उपाय काढला. वरच्या आडव्या पट्ट्या पायांच्या डोक्यावर ठेवायच्याच नाहीत. पायांच्या बाजूला लावायच्या, बोटभर वर काढून, आणि स्क्रूने आवळायच्या. मग वरची फळी पट्ट्यांवर बसेल आणि पायाचा आखूडपणा झाकला जाईल. पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोब्बर मधे!

दिसायला झकास दिसत होतं हो. पण मिस्त्रींची नजर सांध्यावरच अडकली. ओझं लाकडाने लाकडावर द्यायचं असतं, फळीने पट्टीला, पट्टीने पायाला, पायाने जमिनीला. इथे पट्टी पायावर टेकलेलीच नव्हती. भरलेली टाकी म्हणजे काच, वाळू, पाणी मिळून चारशे किलो, आणि ते सगळं लटकणार होतं स्क्रूंवर. आज राहील. महिनाभर राहील. खोलीतली ओल लाकडात शिरेल, स्क्रूची भोकं सैल होतील, आणि एक दिवस ते सगळं पुढच्या अंगाला येईल. पुढे म्हणजे जिथे ठमाबाई आत्ता मांडी घालून बसली होती तिथे.

"बाबा, बघा. काही चुकलं असेल तर सांगा हं," साहेब म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

मिस्त्रींनी सगळा जोर लावला. "अं! अं!" डावा हात लांब करून सांध्यावर बोट ठेवलं.

"हां, तिथे सहा सहा स्क्रू मारलेत!" साहेबाचा चेहरा फुलला. "चार पुरले असते. म्हटलं, तुमच्या हाताखालून जायचंय."

मिस्त्रींनी पट्टीवर मूठ आपटली. एकदा, दोनदा. काढ ही, काढ!

"बघ बघ," साहेब बायकोला म्हणाला, "ठोकून बघतायत! कारखान्यात अस्संच करायचे. दोन ठोसे, आणि गप्प." आणि मिस्त्री अर्थातच गप्प होते. साहेब थोडा वेळ वाट बघत उभा राहिला, वह्या तपासून होईपर्यंत पोरं उभी राहतात तसा. मग म्हणाला, "काही बोलले नाहीत. पास झालो की मी!"

आता या माणसाला काय म्हणावं? चाळीस वर्षं ज्याने घरादाराला हेच शिकवलं, त्याने कुणाच्या नावाने खडे फोडायचे?

मिस्त्री हार मानणारे नव्हते. संध्याकाळी त्यांनी ठमाबाईच्या हातातला रंगीत खडू ओढून घेतला. अक्षरं गेली होती, पण चौकट काढायला अक्षरं कशाला लागतात? डाव्या हाताने, घामाघूम होऊन, त्यांनी तिच्या वहीत एक उभी जाड रेघ काढली. हा पाय. मग तिच्या डोक्यावर, बरोबर डोक्यावर, एक आडवी रेघ. ही पट्टी. असं कर रे. असं!

ठमाबाई ओरडली, "आई, आजोबांनी छत्री काढली!"

सून धावत आली, साहेब आला. साहेबाने वही हातात घेतली आणि बघतच राहिला. "छत्री नाही गं," तो म्हणाला, "हातोडा आहे. बाबांना कारखाना आठवतोय."

सुनेने ते चित्र फ्रिजच्या दारावर लावलं.

दुसऱ्या दिवशी साहेबाने रजा टाकली आणि सकाळी न्हाणीघरातून पाइप आणून टाकीत सोडला. पाणी वीतभर चढलं तेव्हा मिस्त्रींनी खुर्ची पुढे रेटली आणि पाइप हिसडून बाहेर काढला. खोलीभर पाणी. सून फडकं घेऊन धावली. "बाबा दमलेत," ती म्हणाली, "त्यांना जरा स्वयंपाकघरात बसवा."

"अं! अं!"

"हो हो, भरली की लगेच आणतो हं," साहेब म्हणाला, आणि खुर्ची ढकलत घेऊन गेला. बाप तिथे ओट्यासमोर बसून भिंतीपलीकडचं पाणी ऐकत राहिला. आधी उथळ पाण्यात पडल्यासारखं, मग खोल पाण्यात पडल्यासारखं, मग काहीच नाही. तासभर ते चाललं. मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले आणि लाकूड बोलायची वाट बघितली. लाकूड बोललं नाही.

परत आणलं तेव्हा टाकीतला दिवा लागला होता आणि आत बारा केशरी मासे फिरत होते. खोली खरंच सुंदर दिसत होती. ठमाबाईने नाक काचेला चिकटवलं होतं, दोन्ही हात फळीवर. साहेब खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसला. "बाबा, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाला तुम्ही नाव ठेवलं नाहीत," म्हणाला, आणि चाळिशीचा गडी बापाच्या मांडीत तोंड घालून रडला. मिस्त्रींनी हात उगारला होता, खरंच उगारला होता, की एक ठेवून द्यावी. तो हात पोराच्या केसांवर उतरला. दुसरं करणार काय? त्यांना मुलाचा राग येत नव्हता. स्वतःचाही यायला फुरसत नव्हती. त्यांना फक्त भीती वाटत होती.

पाचव्या दिवशी पुढच्या पट्टीवरच्या पहिल्या स्क्रूभोवती केसाएवढी फट दिसली. ती बघायला मिस्त्रींचेच डोळे हवेत. बाकीच्यांना पॉलिश दिसत होतं.

ठमाबाई शाळेतून आली की दप्तर फेकून टाकीखाली मांडी ठोकायची आणि माशांना नावं ठेवायची. जाड्या, टकल्या, मास्तर. पाठ टेकायची ती नेमकी त्या आखूड पायाला. सहाव्या दिवशी ती बसली तसे मिस्त्री खुर्ची चालवत गेले आणि खुर्चीच्या पाय ठेवायच्या लोखंडी पट्टीने तिला ढोसलं. ती हसली. तिला वाटलं तसा खेळ नाही हा, हे तिला कळावं म्हणून त्यांनी आणखी जोरात ढोसलं. तिच्या गुडघ्याला लागलं.

"आजोबा!"

त्यांनी तिच्या दंडाला चिमटा काढला. ज्या हाताने तिला घास भरवला होता त्याच हाताने, चांगला पिळून. पोरगी किंचाळत बाहेर पळाली.

रोज हेच सुरू झालं. ती आली की मिस्त्री आडवे. चिमटा, धक्का, एकदा तर वेणी ओढली. सून आतून चिडली. साहेबाने लेकीला कडेवर घेऊन समजावलं, "अगं, ते मासे आजोबांचेच आहेत ना. आजारी माणूस लहान मुलासारखं होतं. त्यांना वाटणी नकोय. तू दारातून बघ." आणि बायकोला हळूच म्हणाला, "एवढा जीव लावलाय बघ त्यांनी टाकीला."

दोन दिवस ठमाबाईने दारातून बघितलं. तिसऱ्या दिवशी उंबऱ्यावर उभी राहून तिने करंगळी पुढे केली. "आजोबा, कट्टी. बारा महिने कट्टी. मला नकोत तुमचे मासे. मला तुम्हीच नको."

मिस्त्रींची मान नेहमीसारखी हलत होती. ती पाठ फिरवून निघाली, आणि मिस्त्रींनी तिची पावलं मोजली. बोळ, मग स्वयंपाकघर, मग पलीकडची खोली. दार आपटल्याचा आवाज आला. मधे दोन भिंती झाल्या. पुरेशा होत्या.

मग ते मोठ्याने रडले, आणि रडता रडता खुर्चीचा ब्रेक लावून टाकीपुढे, तिच्या जागेवर बसून राहिले.