काका < मामा < दाजी < काका

उज्वलाची अट एकच होती. "माझ्या मागं माझाच मामा उभा पाहिजे. दुसरं कुणी चालणार न्हाई."

तिच्या मोठ्या बहिणीच्या, शिवकन्याच्या लग्नात किनवटचे माणिकमामा पत्रिका वाचत मंडपात आले आणि पत्रिका वाचतच मंडपातून गेले. लोह्याच्या काकांचं नाव त्यांच्या वर छापलं होतं. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा नवरीच्या पाठीमागे, मामाच्या जागी, माईकवाल्याला उभं केलं. फोटोत अजून तोच आहे. हातात वायर.

म्हणून या वेळी नावांचा क्रम माणसानं लावायचाच नाही, मशीननं लावायचा. मशीनवर कोण रुसणार? ही युक्ती सुदर्शनची. उज्वलाचा भाऊ, प्रोग्रामर.

(सुदर्शन + लॅपटॉप = घरात एक कप न उचलणारा माणूस. ही व्याख्या आईची.)

घर नांदेडला, लग्न लातूरला. पत्रिकाही लातूरलाच, संगप्पांच्या छापखान्यात. चार वाजता लाईट जाणार होती. सुदर्शन लॅपटॉप उघडून बसला तेव्हा अडीच वाजले होते.

"पहिलं माझं नाव टाकून बघा," संगप्पा म्हणाले. "अक्षर कसं बसतंय ते दिसल."

टाकलं. झकास बसलं. मग ब्याऐंशी पाहुणे टाकले. प्रत्येकानं आपलं नाव राहू नये म्हणून तीन-तीनदा पाठवलं होतं, म्हणून सुदर्शननं मशीनला बजावून ठेवलं: सारखं दिसलं की पहिलं ठेव, बाकीचं फेक.

आता क्रम. दोन आकड्यांच्या मध्ये < हे चिन्ह टाकलं की मशीनला कळतं, डावीकडचा लहान. दोन पाहुण्यांच्या मध्ये टाकलं तर ते नुसतं बघत बसतं. पण त्याला सांगता येतं: चिन्ह तेच, पण दोन्ही बाजूंना पाहुणे आले की त्याचा अर्थ आम्ही सांगू तो. सुदर्शननं सांगितलं, याचा अर्थ 'याचं नाव आधी'. आधी का, तेही तूच सांग, म्हणालं मशीन.

अर्थ पहिला: वय

काका एकाहत्तर, मामा चौसष्ट. काका < मामा. त्यानं वडिलांना फोन लावला.

"आरं, मग मागच्या टायमाला काय येगळं होतं?" किशनराव म्हणाले. "मामा नवरीमागं उभा राहणार हाय. त्याला तरी कुणाच्या आधी घाल."

"कुणाच्या?"

"दाजीच्या घाल."

दाजी म्हणजे धर्माबादचे, शिवकन्याचे यजमान. वय तेहतीस. फुगण्याचा अनुभव मात्र दांडगा.

"आन् दाजी?"

"जावई हाय बाबा. त्याला काकाच्या आधी घाल. काका घरचाच हाय."

अर्थ दुसरा: मान

वयामुळे काका मामांच्या आधी. पाठीमागे उभं राहायचं म्हणून मामा दाजींच्या आधी. जावई म्हणून दाजी काकांच्या आधी. तिन्ही गोष्टी रास्त. एकाही गोष्टीला कुणी नाव ठेवलं नसतं.

मशीननं काकांना वर नेलं. दाजींना काकांच्या वर नेलं. मामांना दाजींच्या वर नेलं. मग काकांना मामांच्या वर नेलं. मग दाजींना

मग मामांना

मग

"काय करून राहिलंय ते?" संगप्पांनी विचारलं.

"क्रम लावून राहिलंय."

"आमच्या घरात बी वीस वरसं झाली, लावून राहिलेत."

पावणेचार झाले. पंखा चक् चक् करत होता, लॅपटॉप तापला होता, मामा एकशे चाळीसाव्यांदा दाजींच्या वर चढले होते.

अर्थ तिसरा: जाऊ द्या

सुदर्शननं सगळं पुसलं आणि एकच ओळ लिहिली. कुणीही विचारो, हा त्याच्या आधी का? उत्तर: नाही. कुणीच कुणाच्या आधी नाही.

मशीन एका क्षणात थांबलं. किती शहाणं! संगप्पांनी पटकन आठशे पत्रिका काढल्या आणि शेवटची बाहेर पडताच लाईट गेली.

दोघांनी एक पत्रिका दारातल्या उजेडात धरली.

*आपले स्नेहांकित: संगप्पा*

बस. कुणीच कुणाच्या आधी नाही, म्हणजे मशीनच्या लेखी सगळे सारखे. सारखं दिसलं की पहिलं ठेवायचं. बाकी ब्याऐंशी फेकायचे.

सुदर्शननं घाबरत काकांना फोन लावून काय छापलंय ते सांगितलं.

"मामाचं नाव हाय का?"

"न्हाई."

"आन् दाजीचं?"

"न्हाई."

"मग बेस हाय. यिऊन राहिलो."

मामांनी हेच विचारलं, दाजींनीही. सगळे येणार होते. फक्त फोन ठेवता ठेवता प्रत्येकानं एक विचारलं, "ह्यो संगप्पा कुणीकडचा?"

लग्नात संगप्पांना फेटा बांधला. इलाज नव्हता, पत्रिकेत तेच होते. पाहुणे त्यांच्या पाया पडत होते. एका म्हातारीला तर त्यांना लहानपणी कडेवर घेतलेलंही आठवलं. मुहूर्त आला आणि माईकवाल्यानं पत्रिका बघून पुकारा केला, "संगप्पांनी नवरीला मंडपात आणावं!"

उज्वलानं भावाकडे पाहिलं. तसं तिनं आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. संगप्पा जिलेबी खाली ठेवून उठले.

"ओ फेटेवाले!" तिसऱ्या रांगेतून माणिकमामा ओरडले. "भाची माझी हाय!"

ते अनवाणीच धावले. मामा पुढे गेले म्हणून काका धावले. काका पुढे गेले म्हणून दाजी धावले. उज्वला बोहल्यावर उभी राहिली आणि तिच्याभोवती काका मामांच्या पुढे, मामा दाजींच्या पुढे, दाजी काकांच्या पुढे, असे तिघं गोल फिरू लागले. भटजी थांबेनात. अक्षता पडतच होत्या. सुदर्शननं डोक्याला हात लावला. हे त्यानं आधी पाहिलं होतं.

"सावधान!" सहाव्या फेरीत मामा तिच्या पाठीमागे आले.

"मामा," उज्वला मान न वळवता म्हणाली, "आता हलू नका."

मामा थांबले. दाजी मामांवर आपटले, काका दाजींवर.