आगबोटीसाठी शिवलेला कोट

मित्रांनो, मी एक जुना काळा कोट आहे. कोपरगावजवळच्या एका मळ्यातल्या घरात, दाराआडच्या खुंटीवर सध्या माझा मुक्काम आहे. माझे कोपर विरलेत, अस्तर फाटलंय आणि मधलं बटण पांढरं आहे. हसू नका! त्या पांढऱ्या बटणानं परमुलखात एका माणसाची नोकरी वाचवलीय.

मला शिवून घेतलं कारभारी गव्हाणे यांनी. बैलगाडीनं कारखान्यावर ऊस टाकणारा हा माणूस. कुणा फौजेतल्या पाहुण्याकडून त्यांनी आगबोटीचं वर्णन ऐकलं आणि झालं, माणूस वेडावला! तडक शिंप्याच्या दुकानात जाऊन म्हणाले, "आगबोटीवर वारं लई आसतं म्हनं. चांगला जाडजूड कोट शिव." शिंप्यानं हौसेनं कॉलरच्या आत लाल दोऱ्यानं नावही घातलं, 'कारभारी'.

कुठली आगबोट अन् कुठलं काय! मी आपला उसाच्या गाड्यांच्या रांगेत उभा. बाकीचे गाडीवान चिडवायचे, "काय कारभारी, लागली का बोट?" ते हसून म्हणायचे, "लागंल, लागंल." त्या गर्दीत माझं मधलं बटण तुटून पडलं, तेव्हा त्यांच्या बायकोनं, झुंबरबाईनं, सदऱ्याचं पांढरं बटण लावून दिलं. सांजेला बैल पाण्यावर नेले की धनी गोदावरीच्या काठी नुसते बघत बसायचे. समोरचा काठ धुरकट व्हायचा, दिसेनासा व्हायचा. मला वाटायचं, समुद्र म्हणजे हाच असणार.

घरात एक गंमत होती. आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, 'आमचं कारभारी' म्हणून वेळ निभावून नेतात. पण झुंबरबाईच्या नवऱ्याचं नावच कारभारी! बिचारीची केवढी पंचाईत! मग ती हाक मारायची, "अवो कोटवाले, जेवाय चला." आणि मी अंगावर असलो की फुलून जायचो.

पुढं एका हिवाळ्यात धनी गेले. आगबोट न बघताच गेले. मला ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर ठेवलं. फार एकटं वाटलं मला, खरं सांगतो. त्या अंधारात मला लाटांची स्वप्नं पडायची. मी जन्मात लाट पाहिली नव्हती, तरी पडायची.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. ऊस वाळला, कारखान्याचं धुराडं गप्प झालं. धन्यांचा मुलगा रंगनाथ त्या कारखान्यात पॅनमन होता, म्हणजे उसाचा रस शिजवून त्याची साखर करणारा. हाताला कामच उरलं नाही. तेवढ्यात कळलं की आफ्रिकेत, केनिया देशातल्या एका साखर कारखान्याला असा माणूस हवाय. रंगनाथ निघायच्या तयारीला लागला. झुंबरबाईनं ट्रंक उघडली आणि मला त्याच्या हातात दिलं.

"ह्यो घालून जा. तेवढंच त्यांला बी बोटीत बसल्यासारखं हुईल."

कागदपत्रांसाठी त्यानं फोटो काढला, तोही मला घालूनच. आणि मित्रांनो, मी आगबोटीत बसलो! वारं खरंच लई होतं. रंगनाथ कठड्याशी उभा राहायचा, वारं माझ्या बाह्यांत शिरायचं आणि त्या आपोआप फुगायच्या. आत दोघांचे हात आहेत असं मला वाटायचं. पाणी निळं, आभाळ निळं, मध्ये काठच नाही. मी मनात म्हणायचो, धनी, बघताय ना?

परक्या माणसाला केनियात कामाचा परवाना लागतो. कारखान्यानं अर्ज आधीच केला होता. आता कचेरीत जाऊन परवाना हातात घ्यायचा तेवढा राहिला होता. पण हंगाम तोंडावर आलेला. कारखान्याच्या मॅनेजरनं बजावलं होतं, आज परवाना मिळाला नाही तर दुसरा माणूस घेऊ, तू परतीची बोट धर.

कचेरीत गर्दी होती. रंगनाथ बाकावर बसून राहिला. खिडकीतले चष्मेवाले साहेब एकेकाला पुकारत होते. एकदम आवाज आला, "ब्वाना कारभारी!"

ब्वाना म्हणजे तिकडचं 'राव'. मी शहारलो. धन्यांचं नाव, आणि इथं! मला वाटलं, आता ते दारातून आत येतील, हसतील, म्हणतील, लागली बोट. रंगनाथही दाराकडंच बघत होता.

घोटाळा असा होता. आमचं अख्खं गाव गव्हाणे. तिथं आडनाव सांगून ओळख पटत नाही, बापाचं नाव सांगावं लागतं. पासपोर्टाच्या वेळी रंगनाथनं गावच्या सवयीनं सांगून टाकलं, "रंगनाथ कारभारी." आणि त्या देशात शेवटचं नाव तेच माणसाचं नाव!

साहेबांनी परत पुकारलं. मग कागद बाजूला सारू लागले. गेलेल्या बापाला असं भर गर्दीत कुणी हाका मारतंय हे रंगनाथला सोसवेना. तो खिडकीशी गेला आणि होतं नव्हतं तेवढं इंग्रजी गोळा करून म्हणाला, "सर, कारभारी एक्स्पायर!"

"एक्स्पायर?" साहेब गोंधळले. "अहो, परवान्याची मुदत संपायला तो आधी द्यायला नको का?"

"परवाना न्हाई सर, मानूस एक्स्पायर! माय फादर!"

माणूस मेलाय म्हटल्यावर साहेबांनी हळहळून मान हलवली आणि रद्द करायचा शिक्का उचलला. अहो, काय सांगू! शिक्का शाईवर टेकला. मला ओरडायचं होतं, पण कोटाला कुठलं तोंड?

शिक्का मारता मारता साहेबांची नजर कागदावरच्या फोटोवर गेली. तिथं मी होतो. काळा कोट, मधलं बटण पांढरं. त्यांनी मान वर केली. पुढ्यात तोच कोट, तेच बटण. त्यांनी हात लांबवून माझं बटण चिमटीत धरलं.

"कारभारी मेले, तर हा कोट कोणाचा?"

"वडलांचा."

"आणि हे नाव?" साहेबांनी कागदावर बोट ठेवलं.

रंगनाथनं कागदात डोकावून पाहिलं. मग त्याच्या ध्यानात आलं, हाक त्यालाच होती. डोळे भरून आले आणि हसूही फुटलं. "ते बी वडलांचंच, सर."

साहेब खो खो हसले आणि परवाना त्याच्या हातात ठेवला. म्हणाले, "घ्या, ब्वाना कारभारी. कामाला लागा."

पुढं दरवेळी तिथं त्याला हीच हाक. दरवेळी तो आधी माझी कॉलर सारखी करायचा, मगच 'ओ' द्यायचा.

परवा तो मला घेऊन रजेवर घरी आला. घरातली पोरं मला शेतातल्या बुजगावण्यावर चढवायला निघाली होती. झुंबरबाई कडाडली, "खबरदार! त्यांला उन्हात उभं करू नगा." मग मला मांडीवर घेऊन तिनं रंगनाथला खिशातला परवाना बाहेर काढायला लावला.

"ह्यात त्यांचं नाव कुठं लिवलंय?"

त्यानं बोट ठेवून दाखवलं.

"वाच बरं."

"कारभारी."

तिनं डोळे मिटले. जन्मभरात जे नाव तिनं कधी उच्चारलं नव्हतं, ते ती नुसतं ऐकत राहिली.

"म्हंजे ते बी गेलं म्हनायचं बोटीतनं," ती म्हणाली. "आनिक एकदा वाच."

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादा जुना कोट असेल. टाकून देण्याआधी त्याला झटका, हवेवर ठेवा आणि कॉलर उलटून बघा. आत नाव असलं तर मोठ्यानं वाचा. घरात कुणीतरी ते ऐकायला थांबलेलं असतं.