रावजी हात सोडतो तेव्हा

गुहागरच्या बागांत भागोजी सकाळी एका पोफळीवर चढला की सुपारी काढता काढता दुपारपर्यंत खाली उतरत नसे. शेंड्याशी झोका घ्यायचा, झाड वाकवायचं आणि शेजारची पोफळी पकडायची. तो असा झाड बदलत असताना बायकोनं वर बघायचं नाही, नजर लागते, अशी त्यांच्या घरची रीत. गंगानं ती एकदाच मोडली. नेमका त्याच दिवशी भागोजी पडला तो गेलाच. आपल्याच डोळ्यांनी नवरा खाल्ला, हे तिच्या मनात बसलं ते बसलंच.

आणि देवाची थट्टा बघा, पोरगा रावजी निघाला बापाच्याही वरताण! मुंबईला मामाकडे गेला, व्यायामशाळेत रमला, पलटणीत भरती झाला आणि आडव्या बारावरच्या कसरतीत देशात पहिला आला. आता छप्पन साली ऑलिंपिकसाठी थेट मेलबर्नला चालला होता. जाण्याआधी रत्नागिरीच्या मैदानावर त्याची कसरत ठेवली. आईला त्यानं पहिल्या रांगेत बसवलं.

"आये, शेवटाला मी हात सोडून हवेत कोलांटी घेतो. तवा तरी वर बग गो."

"नाय रे बाबा. माजी नजर वायट."

"मग मी पन हात सोडनार नाय."

तिला वाटलं, पोर चेष्टा करतंय.

रावजी बाराभोवती फिरू लागला. गंगा मान खाली घालून बसली. समोरच्या तांबड्या मातीवर त्याची सावली गरगरत होती. ती थांबेचना. मागे कुजबुज सुरू झाली. "सोड की आता!" कुणीतरी ओरडलं. सावली वर जाताना अडखळू लागली. पोराचे हात भरून आले होते, पण हट्टानं तोही बापाचाच. बघितलं तर पडेल आणि नाही बघितलं तरी पडेल!

तिनं मान वर केली.

रावजीनं हात सोडले. धरायला काही म्हणजे काही नाही, आणि तिचा पोरगा आभाळात सावकाश उलटला. एवढं सुंदर काही तिनं जन्मात बघितलं नव्हतं. तो दोन्ही पायांवर उतरला आणि जागचा हलला नाही.

लोक टाळ्या पिटत होते. रावजी धापा टाकत आईपुढे येऊन उभा राहिला. गंगा रडत होती, पण डोळे काही तिनं मिटले नाहीत.

"दमलास?"

"दमलो गो."

"जरा बस. पानी पी. आनि मग परत कर."